विश्लेषण : कायद्यातला एक शब्द वाचवण्यासाठी झटणाऱ्या पॉली मरे कोण होत्या?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. एखादी व्यक्ती समलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहे एवढ्याच कारणावरून तिला नोकरीवरून काढणे बेकायदा आहे, असे न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले. हा सगळा निकाल १९६४च्या नागरी हक्क कायद्यातील एका शब्दावर उभा होता. तो शब्द म्हणजे ‘लिंग’. नोकरीतील भेदभावाला बंदी घालणाऱ्या कलमात हा शब्द मुळात नव्हता. तो आयत्या वेळी आला आणि सिनेटमध्ये गळून पडण्याची चिन्हे होती. तो राहावा यासाठी ज्यांनी कायदेशीर टिपण लिहून सिनेटर आणि व्हाइट हाऊसपर्यंत पोहोचवले, त्या होत्या पॉली मरे.

वकील, कायद्याच्या अभ्यासक, प्राध्यापक, लेखिका आणि आयुष्याच्या अखेरीस धर्मगुरू अशी त्यांची ओळख सांगता येते. पण त्यांचे मुख्य म्हणणे ओळखीविषयीच होते. माणूस एकाच वेळी अनेक गोष्टी असतो आणि कायद्याने त्याचे तुकडे करून एकेका तुकड्याला न्याय देऊ नये, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. हा विचार त्यांना पुस्तकांतून जेवढा सुचला, त्याहून जास्त बंद दारांसमोर उभे राहून सुचला.

मरे यांचे बालपण कसे होते?

ॲना पॉलीन मरे यांचा जन्म २० नोव्हेंबर १९१० रोजी बाल्टिमोर शहरात झाला. वडील शिक्षक, आई परिचारिका. पॉली तीन वर्षांच्या असताना आई गेली आणि त्यांना नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम गावी मावशी आणि आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. वडिलांना पुढे मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिथे एका गोऱ्या रखवालदाराच्या मारहाणीत त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा पॉली बारा वर्षांच्या होत्या.

ज्या मावशीने त्यांना वाढवले, त्या शाळेत शिकवत. आजोबा रॉबर्ट फिट्झगेराल्ड अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले होते आणि युद्धानंतर त्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना शिकवण्याचे काम केले होते. आजी कॉर्नेलिया यांची कहाणी वेगळी होती. त्या जन्माने गुलाम. त्यांची आई हॅरिएट ही चॅपल हिल येथील स्मिथ या धनाढ्य गोऱ्या घराण्याच्या मालकीची होती आणि त्याच घराण्यातील तरुणाने तिच्यावर केलेल्या बलात्कारातून कॉर्नेलिया जन्मल्या. म्हणजे पॉली यांच्या अंगात गुलामाचे रक्त होते आणि मालकाचेही. कायद्याच्या लेखी मात्र त्या फक्त कृष्णवर्णीय.

त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत शाळा, दवाखाने, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळ, सगळेच वर्णानुसार वेगळे होते. या कायद्यांना एकत्रितपणे ‘जिम क्रो’ म्हणत. ट्राममध्ये कृष्णवर्णीयांना मागे बसावे लागे. लहानग्या पॉली यांना ते मान्य नव्हते, म्हणून त्या शक्य तिथे पायी किंवा सायकलवर जात.

विद्यापीठाने प्रवेश का नाकारला?

शाळेनंतर मरे न्यूयॉर्कला गेल्या आणि महामंदीच्या काळात पडेल ती कामे करत १९३३ मध्ये हंटर कॉलेजातून पदवीधर झाल्या. १९३८ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केला. विद्यापीठ चॅपल हिल येथे. तेच गाव, जिथे त्यांच्या आजी गुलाम म्हणून जन्मल्या. ज्या स्मिथ घराण्याचे रक्त मरे यांच्या अंगात होते, त्याच घराण्याने आपली जमीन या विद्यापीठाला देणगी म्हणून दिली होती.

अर्ज फेटाळला गेला. कारण स्पष्ट लिहिले होते : त्यांचा वंश. योगायोग असा, की नेमक्या त्याच आठवड्यात, १२ डिसेंबर १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिसुरी राज्यातील एका खटल्यात निकाल दिला होता. गोऱ्यांना राज्यात कायद्याचे शिक्षण मिळत असेल तर कृष्णवर्णीयांनाही ते राज्यातच मिळाले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. त्यामुळे मरे यांच्या अर्जाची देशभर चर्चा झाली.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने मात्र हा खटला हाती घेतला नाही. मरे तेव्हा न्यूयॉर्कच्या रहिवासी असल्याने त्यांची बाजू कायद्याने कमकुवत ठरेल, असे संघटनेच्या वकिलांचे म्हणणे होते. याच सुमारास मरे यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना खरमरीत पत्र लिहिले आणि त्याची प्रत त्यांच्या पत्नी एलिनॉर यांना पाठवली. उत्तर आले ते एलिनॉर यांचे. त्यातून सुरू झालेली मैत्री, वाद-संवादासकट, एलिनॉर यांच्या मृत्यूपर्यंत म्हणजे १९६२ पर्यंत टिकली.

बसमधील अटकेशी गांधीजींचा काय संबंध?

मार्च १९४० मध्ये मरे आणि त्यांची मैत्रीण ॲडलीन मॅकबीन बसने दक्षिणेकडे निघाल्या होत्या. व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे चालकाने त्यांना आणखी मागे जाण्यास सांगितले. मागची आसने मोडकी होती. दोघींनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. रोझा पार्क्स यांच्या प्रसिद्ध घटनेच्या १५ वर्षे आधीची ही गोष्ट.

त्या दिवसांत मरे गांधीजींच्या सत्याग्रहाविषयी वाचत होत्या आणि ते तंत्र अमेरिकेत चालेल का, याचा विचार करत होत्या. तुरुंगात त्यांनी ते वापरून पाहिले. आरडाओरड नाही, शिवीगाळ नाही. घटनेची बारकाईने लेखी नोंद, अधिकाऱ्यांना सभ्य भाषेत निवेदने आणि दंड भरण्यास नकार. सरकारी पक्षाने चलाखी केली. वर्णभेदाच्या कायद्याचा आरोप मागे घेऊन फक्त सार्वजनिक शांतताभंगाचा आरोप ठेवला. त्यामुळे वर्णभेदाच्या कायद्यालाच आव्हान देण्याची वाट बंद झाली. कायदा लढतो तेव्हा तो प्रश्न कसा बदलून टाकतो, हा धडा मरे यांना इथे मिळाला.

दुसरा धडा जास्त कठोर होता. ओडेल वॉलर हा वाट्याने जमीन कसणारा कृष्णवर्णीय शेतकरी. गोऱ्या जमीनमालकाशी झालेल्या भांडणात त्याने गोळी झाडली, मालक मेला आणि वॉलरला फाशीची शिक्षा झाली. ज्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले, ती मतदानाचा कर भरू शकणाऱ्या लोकांतून निवडलेली होती. त्याच्यासारख्या गरिबाला तिच्यात स्थानच नव्हते. मरे यांनी त्याच्या बचावासाठी देशभर फिरून पैसे गोळा केले. २ जुलै १९४२ रोजी वॉलरला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. या खटल्यावर काम करतानाच मरे यांनी वकील व्हायचे ठरवले होते.

‘जेन क्रो’ म्हणजे काय?

१९४१ मध्ये मरे वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयात दाखल झाल्या. (हे हार्वर्ड नव्हे. हॉवर्ड हे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ.) वर्णभेदाविरुद्धच्या कायदेशीर लढाईचे ते प्रमुख केंद्र होते. इथे तरी आपण परके नसू, असे त्यांना वाटले असेल. पण वर्गात त्या एकट्या स्त्री होत्या आणि पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकांनी बायका कायदा शिकायला कशासाठी येतात, अशा अर्थाचा शेरा मारला. सगळा वर्ग हसला.

जे लोक वर्णभेदाविरुद्ध प्राण पणाला लावत होते, त्यांना स्त्रियांना दिली जाणारी वागणूक मात्र अन्याय वाटत नव्हती. जिम क्रोच्या या बहिणीला मरे यांनी नाव दिले ‘जेन क्रो’. तोवर स्त्रियांवरील बंधने म्हणजे रीतिरिवाज, स्वभाव किंवा निसर्गनियम मानले जात. मरे यांच्या या नावाने ती बंधनेही वर्णभेदाइतकीच माणसांनी रचलेली आणि म्हणून माणसांनी मोडता येण्याजोगी व्यवस्था ठरली.

त्या १९४४ मध्ये वर्गात पहिल्या आल्या. हॉवर्डमधून पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती घेऊन पुढील शिक्षणासाठी हार्वर्डला जाण्याची प्रथा होती. शिष्यवृत्ती मिळाली, पण हार्वर्डच्या विधि महाविद्यालयाने स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शिफारशीचाही उपयोग झाला नाही. तिथे स्त्रियांना प्रवेश मिळायला १९५० साल उजाडावे लागले. सहा वर्षांत दोन विद्यापीठांनी त्यांना नाकारले. एकाने वर्णावरून, दुसऱ्याने लिंगावरून. अखेर त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेतली.

हॉवर्डमध्ये असतानाच त्यांनी आणखी एक प्रयोग केला. एप्रिल १९४३ मध्ये विद्यार्थी तीन-तीनच्या गटाने कृष्णवर्णीयांना न वाढणाऱ्या ‘लिटल पॅलेस’ कॅफेटेरियात शिरले, रिकाम्या थाळ्या घेऊन शांतपणे टेबलावर बसले आणि पुस्तके वाचू लागले. बाहेर सहकारी फलक घेऊन उभे. काही दिवसांतच मालकाने सर्वांना सेवा देणे सुरू केले. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे झालेले आणि देशभर गाजलेले अशाच प्रकारचे आंदोलन १९६० सालचे. मरे आणि त्यांचे सहाध्यायी १७ वर्षे आधीच तिथे पोहोचले होते.

१० डॉलरची पैज कशावर लागली होती?

१८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात वर्णानुसार वेगळ्या पण समान सोयी घटनेला धरून आहेत, असे म्हटले होते. पुढची अनेक दशके कृष्णवर्णीयांचे वकील या चौकटीतच लढले. सोयी वेगळ्या आहेत पण समान नाहीत, हे दाखवायचे आणि गोऱ्यांइतकी चांगली शाळा मागायची, अशी रीत होती.

मरे यांनी वर्गात वेगळाच मुद्दा मांडला. समानतेचे मोजमाप सोडा, वेगळे करणे हाच अन्याय आहे, असे न्यायालयाला सांगा. ज्याला वेगळे बसवले जाते त्याच्या मनावर कमीपणाचा शिक्का बसतो आणि इमारत कितीही चांगली असली तरी तो पुसला जात नाही. सहाध्यायी हसले. प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनाही हे अवास्तव वाटले. मरे यांनी त्यांच्याशी १० डॉलरची पैज लावली, की २५ वर्षांच्या आत प्लेसीचा निकाल रद्द होईल. हाच युक्तिवाद त्यांनी अंतिम वर्षाच्या निबंधात सविस्तर लिहिला.

२५ वर्षे लागली नाहीत. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलांत रॉबिन्सनही होते आणि तयारीच्या वेळी त्यांनी मरे यांचा तो जुना निबंध बाहेर काढला होता. मरे यांना हे कळले तब्बल दहा वर्षांनी, १९६३ मध्ये.

त्याआधी १९५१ मध्ये त्यांचे आणखी एक काम त्या वकिलांच्या हाती पोहोचले होते. अमेरिकेतील प्रत्येक राज्यात वंश आणि वर्णाविषयी कोणकोणते कायदे आहेत, याचे ७०० हून अधिक पानांचे संकलन. मेथडिस्ट चर्चच्या महिला शाखेने ते करवून घेतले होते. वर्णभेदाचा पसारा किती आहे हे तोवर कोणी एका जागी मांडलेच नव्हते. थरगुड मार्शल यांच्या चमूसाठी तो हाताशी ठेवायचा ग्रंथ ठरला.

‘लिंग’ हा शब्द कायद्यात कसा टिकला?

१९६४च्या नागरी हक्क विधेयकातील सातवे प्रकरण नोकरीतील भेदभावाविषयी होते. मूळ मसुद्यात वंश, वर्ण, धर्म आणि मूळ राष्ट्र एवढीच कारणे होती. ८ फेब्रुवारी १९६४ रोजी प्रतिनिधिगृहात व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ यांनी त्यात ‘लिंग’ घालण्याची दुरुस्ती मांडली. स्मिथ स्वतः वर्णभेदाचे समर्थक. सभागृहात हशा पिकला. विधेयक हास्यास्पद करून पाडण्याचा हा डाव आहे, असे अनेकांना वाटले. दुरुस्ती मंजूर झाली, पण सिनेटमध्ये ती काढून टाकण्याच्या हालचाली सुरू झाल्या. वर्णभेदाचा प्रश्न आधी सोडवू, स्त्रियांचे नंतर पाहू, असे विधेयकाच्या काही समर्थकांनाही वाटत होते.

मरे यांनी टिपण लिहिले ते याच मुद्द्यावर. ‘लिंग’ काढले तर हा कायदा कृष्णवर्णीय पुरुषांना संरक्षण देईल आणि कृष्णवर्णीय स्त्रिया उघड्यावर राहतील. एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीला नोकरी नाकारली, तर ती कृष्णवर्णीय म्हणून नाकारली की स्त्री म्हणून, हे ती सिद्ध कसे करणार? मालक सहज म्हणेल, वर्णाचा प्रश्न नाही, आम्हाला बाईच नको आहे. म्हणजे वर्णभेदालाही पळवाट मिळेल. थोडक्यात, स्त्रियांना वगळून वर्णभेद संपवता येणारच नाही.

या टिपणाच्या प्रती सिनेटर, महान्यायवादी रॉबर्ट केनेडी आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्यापर्यंत पोहोचल्या. इतर अनेक महिलाही हा शब्द राहावा म्हणून झटत होत्या. शब्द राहिला. २ जुलै १९६४ रोजी विधेयकाचा कायदा झाला.

कायदा झाला तरी तो राबवण्यासाठी नेमलेल्या आयोगाने लिंगभेदाच्या तक्रारी गांभीर्याने घेतल्या नाहीत. १९६५च्या अखेरीस मरे आणि सरकारी वकील मेरी ईस्टवूड यांनी ‘जेन क्रो अँड द लॉ’ हा लेख लिहून लिंगभेदाची तुलना वर्णभेदाशी केली आणि दोन्हींना कायद्याने सारखेच तपासावे, अशी मांडणी केली. आयोग हलत नाही हे पाहून १९६६ मध्ये बेटी फ्रीडन आणि इतरांसोबत त्यांनी ‘नाऊ’ या राष्ट्रीय महिला संघटनेच्या स्थापनेत भाग घेतला.

गिन्सबर्ग यांनी मरे यांचे नाव का घातले?

अमेरिकी घटनेची १४वी दुरुस्ती प्रत्येकाला कायद्याचे समान संरक्षण देते. ती गुलामगिरी संपल्यानंतर आली आणि वर्णभेदाविरुद्ध वापरली गेली. हीच दुरुस्ती स्त्रियांसाठीही वापरता येईल, असे मरे १९६२ पासून लिहून मांडत होत्या. १९६६ मध्ये अलाबामातील एका खटल्यात त्यांनी आणि डोरोथी केन्यन यांनी ते करून दाखवले. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना ज्युरीतून वगळणे, दोन्ही घटनाबाह्य असल्याचा निर्णय तिथल्या संघीय न्यायालयाने दिला.

सर्वोच्च न्यायालयात हा मुद्दा पोहोचला १९७१ मध्ये, ‘रीड विरुद्ध रीड’ खटल्यात. मृत मुलाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी आई आणि वडील दोघांनी अर्ज केला असता आयडाहो राज्याचा कायदा आपोआप पुरुषाला पसंती देत होता. न्यायालयाने तो रद्द केला. लिंगभेदाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने समान संरक्षणाच्या तत्त्वाखाली कायदा रद्द करण्याची ही पहिलीच वेळ. त्या खटल्यातील लेखी युक्तिवाद तयार करणाऱ्या रूथ बेडर गिन्सबर्ग पुढे स्वतः त्या न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. त्यांनी युक्तिवादाच्या मुखपृष्ठावर मरे आणि केन्यन यांची नावेही घातली. दोघींनी तो मजकूर लिहिला नव्हता. पण ज्या पायावर तो उभा होता, तो त्यांनी घातला होता आणि त्याची जाहीर नोंद व्हावी, अशी गिन्सबर्ग यांची भूमिका होती.

मरे यांचा इशारा खरा कसा ठरला?

१९७६ मध्ये मिसुरीतील एका संघीय न्यायालयापुढे जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांची तक्रार आली. जे शेवटी कामाला लागले त्यांना आधी काढायचे, या नियमामुळे त्यांची नोकरी गेली होती आणि १९६४ पूर्वी तर कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतच नव्हती. न्यायालयाने तक्रार मान्य केली नाही. कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणजे लिंगभेद नाही. त्या गोऱ्या होत्या. कंपनीत कृष्णवर्णीय होते. ते पुरुष होते. वंश आणि लिंग एकत्र करून तिसरा गट मानण्यास न्यायालय तयार नव्हते.

मरे यांनी १९६४ मध्ये वर्तवलेला धोका शब्द कायद्यात असूनही अशा रीतीने समोर आला. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच खटल्याचे विश्लेषण करून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत तिला आंतरछेदिता असा शब्द वापरला जातो. रस्ते एकमेकांना छेदतात त्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी धडक बसू शकते, अशी ती कल्पना. संज्ञा क्रेनशॉ यांची, पण त्या चौकात उभे राहून कायद्याला प्रश्न विचारण्याचे काम मरे यांनी पाव शतक आधी केले होते.

स्वतःच्या कोणत्या ओळखीविषयी त्या बोलल्या नाहीत?

वर्ण आणि लिंग या दोन भेदांविषयी मरे यांनी उघडपणे लिहिले. तिसऱ्या गोष्टीविषयी त्या जाहीरपणे कधीच बोलल्या नाहीत. तरुणपणी त्यांनी पॉलीन हे नाव सोडून पॉली हे स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल असे नाव घेतले. आपण मुळात पुरुष आहोत, अशी त्यांची तीव्र भावना होती. १९३०-४०च्या दशकांत त्यांनी डॉक्टरांकडे पुरुषी संप्रेरकांचे उपचार मागितले. ते नाकारले गेले. या ताणातून त्यांना रुग्णालयातही राहावे लागले. त्यांचे प्रेम स्त्रियांवर होते. आयरीन बार्लो या त्यांच्या दीर्घकाळच्या जिवाभावाच्या साथीदार.

आज त्यांच्यासाठी कोणते सर्वनाम वापरावे, यावर अमेरिकेत अभ्यासकांत मतभेद आहेत. स्वतःच्या प्रकाशित लेखनात त्या स्वतःला स्त्री म्हणत, म्हणून या लेखात ‘त्या’ असे म्हटले आहे.

समलिंगी संबंध गुन्हा मानले जात आणि अशी माणसे नोकरीतून काढली जात, तो हा काळ. शिवाय सरकारी पदांसाठी पूर्वायुष्याची छाननी होई. १९५२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील एका कामासाठी मरे यांना नाकारले गेले, कारण शिफारस करणारी माणसे जास्तच डावी वाटली. ती होती एलिनॉर रूझवेल्ट, थरगुड मार्शल आणि कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ. या नकारानंतर मरे यांनी आपल्या घराण्याचा इतिहास लिहून काढला. तो १९५६ मध्ये ‘प्राऊड शूज’ नावाने प्रसिद्ध झाला. स्वतःविषयीची सर्वात खासगी गोष्ट मात्र त्या पुस्तकात नाही आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही नाही. पण डॉक्टरांशी झालेला पत्रव्यवहार आणि टिपणे त्यांनी नष्ट केली नाहीत. ती नीट लावून ठेवली. त्यांचे सगळे कागद आज हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात आहेत. ज्या विद्यापीठाने प्रवेश नाकारला, तिथेच.

आपल्याच लोकांशी त्यांचे मतभेद का झाले?

मरे कोणत्याही एका गोटात फार काळ रमल्या नाहीत. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाजलेले भाषण झाले, पण प्रमुख वक्त्यांत एकही स्त्री नव्हती. मरे यांनी यावर जाहीर टीका केली. मोर्चाचे नेते रँडॉल्फ यांनी स्त्री पत्रकारांना सज्जात बसवणाऱ्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये भाषण करण्याचे ठरवले, तेव्हा तोच बसचा मागचा भाग आहे, याची आठवण मरे यांनी करून दिली. दुसरीकडे ‘नाऊ’ संघटना गरीब आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रश्न मागे टाकते आहे, असे वाटल्यावर त्या तिथल्या नेतृत्वातून बाजूला झाल्या.

१९६०च्या दशकाअखेर कृष्णवर्णीय तरुणांमध्ये वेगळेपणाचा अभिमान आणि वेगळ्या संस्थांची मागणी जोर धरू लागली. मरे तेव्हा ब्रँडाइस विद्यापीठात प्राध्यापक होत्या. त्यांनी या मागणीला विरोध केला. त्या १९६०-६१ मध्ये घानात कायदा शिकवत होत्या. आफ्रिकेत राहिल्यावर आपण मुळात अमेरिकी आहोत, ही त्यांची भावना पक्की झाली. ज्या वेगळेपणाविरुद्ध आयुष्य घालवले, ते आता स्वतःहून मागायचे, हे त्यांना पटणारे नव्हते. विद्यार्थ्यांना त्या जुन्या वळणाच्या वाटत. त्यांच्या या भूमिकेला मर्यादाही होती. शतकानुशतके दाबल्या गेलेल्या समाजाला आधी स्वतःची जागा का हवीशी वाटते, हे त्यांनी पुरेसे समजून घेतले नाही, असे टीकाकार म्हणत. पण त्यांची स्वतःची भूमिका शेवटपर्यंत एकच राहिली : ओळख माणसाला बळ देण्यासाठी आहे, त्याला कुंपणात ठेवण्यासाठी नाही.

त्या धर्मगुरू का झाल्या?

१९७३ मध्ये आयरीन बार्लो यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत धार्मिक विधी मरे यांनाच पाहावे लागले. कायद्याने माणसाला हक्क मिळतात, पण तुटलेली माणसे जोडण्याचे काम कायदा करू शकत नाही, असे त्यांना वाटू लागले. प्राध्यापकी सोडून वयाच्या साठीनंतर त्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थिनी झाल्या. तेव्हा त्यांच्या एपिस्कोपल चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरू होण्याची परवानगीही नव्हती. ती मिळाल्यावर ८ जानेवारी १९७७ रोजी त्यांना दीक्षा मिळाली. या चर्चच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री धर्मगुरू.

पुढच्याच महिन्यात चॅपल हिल येथील छोट्या चर्चमध्ये त्यांनी पहिला विधी केला. याच चर्चमध्ये त्यांच्या आजीचा, कॉर्नेलिया यांचा, गुलाम मूल म्हणून बाप्तिस्मा झाला होता. वर्षभराने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना मानद पदवी देऊ केली. विद्यापीठ-व्यवस्था वर्णभेद मोडण्याबाबत अजूनही टाळाटाळ करते आहे, असे म्हणून मरे यांनी ती नाकारली. १ जुलै १९८५ रोजी पिट्सबर्ग येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

भारतात या विचाराचे काय?

भारतीय राज्यघटनेचे १५वे कलम धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या किंवा यांपैकी कोणत्याही कारणावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई करते. पण ही कारणे एकाच व्यक्तीत एकत्र येतात तेव्हा काय, हा प्रश्न इथेही आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अनुसूचित जातीतील एका दृष्टिहीन तरुणीवरील बलात्काराचे प्रकरण आले. न्यायालयाने निकालात आंतरछेदितेची सविस्तर चर्चा केली. जात, लिंग आणि अपंगत्व यांमुळे होणारा अन्याय वेगवेगळा मोजता येत नाही, असे मत नोंदवले आणि आरोपीची जन्मठेप कायम ठेवली.

मात्र ॲट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षा टिकली नाही. घटनेच्या वेळी लागू असलेल्या तरतुदीनुसार गुन्हा जातीच्या कारणावरून झाला, हे सिद्ध करावे लागत होते आणि तसा पुरावा नव्हता. पुढे २०१६ पासून ही तरतूद बदलली. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत असणे आता पुरेसे ठरते. जातीमुळे की बाई म्हणून, हे सिद्ध करण्याचा भार पीडितेवर टाकणे, हीच ती अडचण जी मरे यांनी १९६४च्या टिपणात दाखवली होती.

अमेरिकेत आज येल विद्यापीठातील एका निवासी महाविद्यालयाला मरे यांचे नाव आहे, डरहॅममधील त्यांचे घर राष्ट्रीय स्मारक आहे आणि २०२४ मध्ये त्यांची प्रतिमा असलेले पाव डॉलरचे नाणे निघाले. हा गौरव उशिरा आला, कारण त्या कोणत्याच एका चळवळीच्या पूर्णपणे नव्हत्या. पण त्यांच्या कामाची खरी कसोटी नाण्यावर नाही, न्यायालयात आहे. आपल्याला का डावलले गेले हे सांगण्यासाठी एखाद्या स्त्रीला आजही स्वतःची एक ओळख निवडून दुसरी लपवावी लागत असेल, तर मरे यांनी विचारलेला प्रश्न संपलेला नाही.